सर्वानुमते मंजूर

ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक उघडले की पानापानावर दोन शब्द भेटतात: सर्वानुमते मंजूर. वर ठरावाचा क्रमांक, खाली विषय, मग सूचक, मग अनुमोदक, आणि शेवटी हे दोन शब्द. विषय अंगणवाडीच्या रंगकामाचा असो, पाण्याच्या मोटारीचा असो, की तीन पिढ्या धुमसत असलेल्या अतिक्रमणाचा असो, शेवट ठरलेला. सभेत कुणी खुर्ची उचलली होती, चौघे पाय आपटत निघून गेले होते, बायांनी नळाच्या पाण्यावरून सरपंचाला अर्धा तास धारेवर धरले होते, याचा पानावर मागमूस नसतो. तिथे सगळे एकाच अक्षरात, एकाच शाईत आणि एकाच मताचे.

वर्ध्यात या दोन शब्दांकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण इथून नागपूरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर पवनार लागते. विनोबा १९२१ साली वर्ध्याला आले, १९३८ मध्ये धाम नदीकाठी पवनारला राहायला गेले, आणि १९५९ मध्ये तिथे त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. ग्रामदानाच्या विचारात त्यांनी सर्वानुमतीवर जो भर दिला, तो या आश्रमात रोजच्या कारभाराचा नियम झाला. एकीचेही मन मानत नसेल, तर निर्णय थांबतो. पुन्हा बोलणे, पुन्हा बसणे, वेळ पडली तर विषय पुढच्या खेपेवर. तिथे सर्वानुमतीला फार वेळ लागतो. प्रोसिडिंग बुकात तिला एक ओळ पुरते.

या दोन सर्वानुमतींमधले अंतर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय. स्थानिक कारभाराचे कागद लोकांनी पाहावेत आणि सभांना लोकांनी बसावे, या दोन हक्कांची चर्चा बहुधा वेगवेगळी होते. कागदासाठी माहितीचा अधिकार, सभेसाठी ग्रामसभेचा कायदा. प्रत्यक्षात दोन्ही एका जागी येऊन मिळतात, आणि ती जागा म्हणजे इतिवृत्त लिहिण्याचा क्षण. सभेला शंभर माणसे हजर असली आणि लिहिताना एकटाच माणूस असला, तर सभा नेमकी कोणाची झाली?

पण त्याआधी हिशेबाबद्दल थोडेसे, कारण वर्ध्याला त्याचीही परंपरा आहे. मगनवाडीत राहून अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा करणारे जे. सी. कुमारप्पा मूळचे लेखापरीक्षक. शिक्षण लंडनमध्ये, व्यवसाय मुंबईत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, देशभरातून मदतनिधी जमला, आणि त्याच्या हिशेबावर देखरेख करायला जमनालाल बजाजांनी कुमारप्पांना बोलावून घेतले. तिथली एक गोष्ट सांगितली जाते. गांधीजी आपल्या मंडळींसह भूकंपग्रस्त भागात येणार होते. कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई यांना कळवले की या मंडळींचा जेवणाचा आणि पेट्रोलचा खर्च मदतनिधीतून होणार नाही. पैसा पीडितांसाठी आला होता आणि गांधीजी पीडित नव्हते, इतका साधा हिशेब. आज एखाद्या गावात दौऱ्यावर आलेल्या पाहुण्यांच्या चहाचे बिल कोणत्या शीर्षात टाकले, असे विचारणाऱ्याला लोक विघ्नसंतोषी म्हणतात. मगनवाडीत त्याला अंतर्गत लेखापरीक्षण म्हणत असावेत.

बाहेरच्या जगात कागद पाहण्याच्या आणि सभेला बसण्याच्या हक्काचे वय बरेच आहे. स्वीडनने १७६६ मध्येच मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यात सरकारी दस्तऐवज पाहण्याचा हक्क घातला. त्यासाठी झटणारा आंदेर्स क्युदेनियस हा आजच्या फिनलंडमधला एक धर्मोपदेशक होता. ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांच्या सभा पत्रकारांना आणि लोकांना खुल्या करणारा १९६० चा कायदा एका नवख्या खासदाराने मांडला. तिचे नाव मार्गारेट थॅचर, आणि संसदेतले तिचे पहिले भाषण तेच. आपल्याकडे या विषयाला धार आली ती राजस्थानात. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी जनसुनावणी घेतली. पंचायतीच्या कामांची बिले आणि मजुरांचे हजेरीपट भर सभेत मोठ्याने वाचले गेले. कागद एरवी मुका असतो. गावासमोर वाचला की ज्याच्या नावे खोटी मजुरी लिहिली तो माणूस जागेवरच उभा राहतो. मोठ्याने वाचण्याची ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, २००२ मध्ये आणला. तो अमलात यावा म्हणून अण्णा हजारे यांना २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसावे लागले. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, पहिले अपील, मग नागपूरच्या खंडपीठाकडे दुसरे अपील, हे वेळापत्रक आता अनेकांना तोंडपाठ आहे. त्याच कायद्याचे कलम ४ मात्र फारसे कुणी उघडत नाही. कुणी मागण्याआधी कार्यालयाने आपणहून जाहीर करायच्या माहितीच्या सतरा बाबी त्यात आहेत. त्यातली आठवी अशी: दोन किंवा अधिक व्यक्तींची जी मंडळे, परिषदा, समित्या आहेत, त्यांचे विवरण द्यावे आणि त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्ते पाहायला मिळतात का, हेही सांगावे. सभा आणि कागद यांना कायद्याने एकाच वाक्यात बसवले आहे. हे वाक्य शोधायला एखाद्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर गेले, तर सतरा बाबी बहुधा सापडतात, पण कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या, आणि बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांच्या नावांसह.

मग आला सोमवार. राज्य शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी परिपत्रक काढले: जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. सोमवारी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज, अपील यांचा भार हलका व्हावा हा हेतू. पुणे महापालिकेत हा प्रयोग आधीच झाला होता आणि तिथल्या जाणत्या नागरिकांनी तो चांगला वापरला. कल्पना उत्तम आहे, आणि वर्ध्यात ती कितपत रुजली याची परीक्षा सोपी आहे. या सभागृहातल्या किती जणांना या दोन तासांची गोष्ट आज पहिल्यांदाच कळली, ते ज्याचे त्याने मनात मोजावे.

सोमवारी दुपारी तीनला कार्यालयात कोण पोचू शकतो, हाही प्रश्नच. निवृत्त शिक्षक पोचतो. वकील पोचतो. ठेकेदार तर तिथेच असतो. रोजंदारीवर निंदायला गेलेली बाई पोचत नाही, कारण तिचा सोमवार सहाला सुटतो.

ग्रामसभेचेही तेच. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असे कायदा सांगतो, आणि प्रथेने त्यांच्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा पडल्या. झेंड्याच्या दिवशी गाव गोळा होतेच, तेव्हाच सभा उरकावी, असा सोयीचा विचार त्यामागे आहे. आता वर्धा जिल्ह्याचे शेत या तारखांशेजारी ठेवून पाहावे. जानेवारीच्या अखेरीस तूर आणि कापसाच्या शेवटच्या वेचण्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला, सकाळी नऊनंतर माणूस सावली सोडत नाही. ऑगस्टच्या मध्यावर पावसाने उघाड दिली की निंदण आणि डवरणी एकदमच अंगावर येते. आणि २ ऑक्टोबरला, म्हणजे ज्याच्या नावाने हा जिल्हा जगाला माहीत झाला त्याच्या जयंतीला, सोयाबीन सोंगायला आलेले असते. शेंग फुटायच्या आत ते उचलले नाही तर वर्षाचे पैसे मातीत. चारही तारखा सरकारी पंचांगातल्या, शेताच्या पंचांगात एकही नाही.

मग कोरम भरत नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी गणपूर्ती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा कोरमची अट नाही. हे सगळ्या गावांना ठाऊक आहे. म्हणून पहिल्या सभेला जाण्यात अर्थ नाही असे लोक म्हणतात आणि दुसरी कधी झाली ते कळत नाही. नोटीस सात दिवस आधी फलकावर लागावी, गावात मुनादी व्हावी, हा नियम आहे. आता मुनादी व्हॉट्सॲपवर होते. ग्रुपचा ॲडमिन कोण, हा त्यातला नवा प्रश्न. टपाल चुकीच्या गावी जाण्याचा त्रास या जिल्ह्याला नवा नाही, म्हणा. सेगावची पत्रे शेगावला जातात म्हणून १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. ग्रुपमधून काढलेल्या माणसाच्या नोटिशीसाठी मात्र कुठल्या गावाचे नाव बदलणार?

सभेच्या आत काय होते ते आता जरा जवळून पाहावे. नोटिशीत पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला: मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. मधले सात-आठ विषय मधल्या वेळात होतात. हजेरीची वही सभा सुरू होतानाच फिरते. बसल्या बसल्या लोक सह्या-अंगठे करतात, कुणी बसतो, कुणी सही करून बैलांकडे जातो. ठराव अजून झालेला नसतो, सह्या झालेल्या असतात. बोलणे सुरू असताना ग्रामसेवक एका साध्या कागदावर टिपणे घेतो. प्रोसिडिंग बुकात ती नंतर उतरतात, कधी त्याच संध्याकाळी, कधी पंचायत समितीच्या बैठकीहून आल्यावर, कधी वरून ठरावाची नक्कल मागितली जाईल तेव्हा. आयत्या वेळच्या विषयाखाली किती ठराव येतील, हे लिहिणाऱ्याकडे किती जागा उरली त्यावर ठरू शकते. कामाचे नाव, रक्कम, कोणत्या वॉर्डातला रस्ता, सूचक कोण, हे सगळे वाद घालण्यासारखे तपशील तेव्हा भरले जातात. तीन महिन्यांनी पुढच्या सभेत पहिला विषय पुकारला जातो, कुणीतरी मागून म्हणतो, मंजूर, मंजूर, आणि इतिवृत्त वाचल्याशिवाय कायम होते. तोवर सिमेंट ओतून झालेले असते आणि बिलही निघालेले असते.

हे सगळीकडे असेच घडते असे नव्हे. नीट लिहिणारे, वाचून दाखवणारे ग्रामसेवक आहेत, आणि त्यांची बाजूही मांडायला हवी. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावे. पंचायतीचे ठरावीक नमुने तेहेतीस: नमुना १ चे अंदाजपत्रक, नमुना ५ ची रोकडवही, नमुना ८ ची कर आकारणी, आणि पुढे रांगच. वरून रोज मागवली जाणारी माहिती निराळी. त्यात एखादा अर्जदार दहा वर्षांचे सगळे कागद एका अर्जात मागतो आणि सायंकाळी फोन करून मिटवायचे का म्हणून विचारतो. असे अर्जदार आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. राज्याने २०१२ मध्ये अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली, ती अशाच तक्रारींच्या छायेत. पण त्या मर्यादेचा फटका बसला कोणाला? मिटवणाऱ्याला दीडशे शब्द पुष्कळ होतात. ज्याला आपल्या घरकुलाची यादी का बदलली एवढेच विचारायचे आहे, त्याला नेमका शब्द सापडेपर्यंत कागद संपतो. आणि दुसरीकडे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी आहेत. जमीनव्यवहारांचे कागद मागणाऱ्या या कार्यकर्त्याचा १३ जानेवारी २०१० च्या सकाळी खून झाला. दहा रुपयांच्या स्टॅम्पची किंमत काहींनी अशी मोजली आहे.

शहरांची कथा थोडक्यात सांगता येते, कारण मधली काही वर्षे तिथे सभाच नव्हती. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी, पुलगाव, सिंदी या जिल्ह्यातल्या नगरपरिषदा. २०१६ च्या शेवटी निवडून आलेल्या सदस्यांची मुदत पाच वर्षांनी संपली. जिल्हा परिषदेची २०२२ च्या मार्चमध्ये संपली. निवडणुका रखडल्या आणि राज्यभर प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात आदेश दिले, तेव्हा कुठे चाक हलले. मधल्या काळात सर्वसाधारण सभेचे अधिकार एका अधिकाऱ्याकडे होते. म्हणजे विषय मांडणारी यंत्रणा त्याच्या हाताखालची, सभा तो, आणि मंजुरीही त्याचीच. ठराव निघत होते, त्यांना क्रमांकही पडत होते. सर्वानुमती इतकी निर्भेळ यापूर्वी कधी झाली नसेल. कलम ४ ची ती आठवी बाब दोन किंवा अधिक व्यक्तींच्या मंडळाबद्दल बोलते. एका व्यक्तीची सभा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आली नसावी. या काळातल्या प्रशासकीय ठरावांच्या फायली सोमवारी तीन ते पाच या वेळेत कुणीतरी ओळीने वाचायला हव्यात. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प मिळणार नाही.

पवनारची सर्वानुमती मात्र विरून गेली असे नाही. ती गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळच्या मेंढा गावात भेटते. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा याच गावाची. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल यांनी इथे विनोबांचा विचार गोंड गावाच्या सवयींशी जोडून पाहिला. ग्रामसभा निर्णय घेते तो सर्वांची सहमती झाल्यावर, आणि त्याआधी अभ्यासगट बसतात, म्हणजे निर्णय न घेता नुसती माहिती समजून घेणारी बैठक. कागद वाचायची जागा वेगळी आणि ठरवायची जागा वेगळी, ही त्यातली खरी युक्ती. बाहेरून अभ्यासाला येणाऱ्यालाही ग्रामसभेची परवानगी घ्यावी लागते.

मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी गावचा बांबू बाहेर विकता येईना. वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे होते. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. त्यानंतर परवाना ग्रामसभाच फाडू लागली. जंगल, हक्क, कायदा, सगळे आधीच मिळाले होते. अडले होते ते एका पुस्तकापाशी, ते कोणाच्या टेबलावर राहणार यापाशी.

मेंढा हे लहान, एका समाजाचे गाव आहे, तिथले सगळे उचलून हिंगणघाट तालुक्यातल्या तीन हजार मतदारांच्या गावात लावता येणार नाही. चार पक्ष, सहा जाती, दोन बचत गट संघ आणि एक वाळूघाट असलेल्या गावात सहमतीची वाट पाहिली तर नळयोजना नातवंडांच्या काळात होईल. पण अभ्यासगट तिथेही बसू शकतो, आणि त्याला शासनाचा निर्णय लागत नाही.

आता तंत्रज्ञान आले आहे. ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर गावाच्या वित्त आयोगाच्या पैशाचे व्हाउचर मोबाईलवर दिसते, ही लहान गोष्ट नाही. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, हा पैसा थेट ग्रामपंचायतीकडे येतो आहे. जीएस निर्णय नावाचे ॲप ग्रामसभेतल्या ठरावांची दोन ते पंधरा मिनिटांची चित्रफीत मागते. तीन तासांच्या भांडणातली पंधरा मिनिटे कोणती निवडायची, ते पुन्हा मोबाईल धरणाऱ्याच्या हाती. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पंचायत राज मंत्रालयाने त्रिपुरापासून सुरुवात करून सभासार हे साधन आणले. ध्वनिमुद्रण दिले की यंत्र इतिवृत्त लिहून देते. निदान ‘सर्वानुमते’ लिहायची त्याला सवय नसेल. मात्र वऱ्हाडी बोलीत चाललेला, एकाच वेळी चौघांच्या तोंडून आलेला आक्षेप ते कसे उतरवेल, हे सोयाबीनच्या हंगामातल्या सभेतच कळेल.

एका दारातून उजेड येत असताना दुसरे दार लोटले जाते आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे तिथेच पाहावे लागे, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असे शब्द होते. ते शब्द गेले. घरकुलाच्या लाभार्थ्यांची नावे ग्रामसभेत मोठ्याने वाचायची, आणि तीच यादी अर्ज करून मागितली तर ती वैयक्तिक माहिती आहे असे उत्तर यायचे, अशी वेळ त्यामुळे येऊ शकते. व्यापक जनहिताची तरतूद कायद्यात दुसरीकडे अजून आहे. पण ती सिद्ध करायला अपिलात जावे लागते, आणि अपिलाचे वर्ष घरकुलाच्या हप्त्यापेक्षा लांब असते.

या सगळ्यातून एक मागणी पुढे ठेवता येते, आणि तिला नवा कायदा लागत नाही. नोटिशीतला तो पहिला विषय तीन महिने पुढे न ढकलता त्याच दिवशी शेवटी घ्यावा. सभा संपताना ग्रामसेवकाने त्या दिवशीचे ठराव, काम, रक्कम, ठिकाण, सूचक-अनुमोदक यांच्यासह मोठ्याने वाचून दाखवावेत, आणि हजेरीची वही त्यानंतर फिरवावी. दहा ठरावांना पंधरा-वीस मिनिटे लागतील. ज्यांना कागद वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येते. कोट किरान्यात हेच झाले होते. महिलांच्या ग्रामसभेत आधी ठरलेले विषय मुख्य सभेत पोचले का, तेही तेव्हाच कळेल.

पहिल्यांदा वाचन होईल तेव्हा मागच्या ओळीतली एखादी बाई उठून म्हणेल, आमच्या गल्लीतल्या नालीचं ठरलं होतं, हे तुम्ही चौकातल्या कमानीचं काय वाचलं? मग ग्रामसेवकाला ओळ खोडावी लागेल, वर नवी लिहावी लागेल, आणि खाडाखोडीशेजारी सरपंचाची आणि त्याची, दोघांची सही घ्यावी लागेल. वर्षअखेरीला लेखापरीक्षक येतील, ते पान उघडतील, आणि समासात शेरा मारतील की प्रोसिडिंग बुकात खाडाखोड आढळून आली, खुलासा व्हावा.